पेडण्यात उद्योग आणायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात असलेल्या मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेव्हापासून या तालुक्याच्या बातम्या दोनच चालींवर येतात. एका चालीत अमुक प्रकल्प, इतके कोटी, इतके हजार रोजगार. दुसऱ्या चालीत टॅक्सीवाल्यांचं आंदोलन, डोंगर कापल्याची तक्रार, कोरडे नळ. पहिली बातमी वाचली की तालुक्याचं सोनं झालं असं वाटतं. दुसरी वाचली की तालुका विकून झाला असं वाटतं. गंमत म्हणजे दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात, एकाच पानावर येतात आणि दोन्ही खऱ्या असू शकतात.

पेडण्याची लोकवस्ती २०११ च्या जनगणनेत पाऊण लाखाच्या आसपास होती. पश्चिमेला केरी, हरमल, मांद्रे, मोरजी असा किनारा, पूर्वेला मोपा-धारगळची पठारं, मध्ये खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतं) आणि काजूचे डोंगर. अशा ग्रामीण किनारी तालुक्यात नवे उद्योग यावेत असं सगळेच म्हणतात. ते कशाने येतात, कशामुळे अडतात आणि आलेच तर गावाच्या हाती काय लागतं, ते इथे सोपं करून सांगतो. उदाहरणं बहुतेक पेडण्याची असली तरी गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या वाचकालाही त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

किती कोटी आले, एवढं विचारून भागत नाही

कोरगावसारख्या गावात खाजनाच्या बांधावर मानस, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारी दारं, असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारं मिटतात, ओहोटी लागली की उघडतात, आणि आतलं पाणी बाहेर जाताना तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सुंगटं नि मासे अडकतात. त्या जाळ्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. नदीला भरती केवढी आली हे बघून कोणी पावणीला बोली लावत नाही. जाळ्यात काय राहील, याचा अंदाज घेऊन लावतात. तालुक्यात येणाऱ्या पैशाचंही तसंच आहे. घोषणेतले कोटी ही भरती झाली. गावाला मिळतं ते जाळ्यात राहतं तेवढंच.

आलेल्या पैशातला जो भाग लगेच तालुक्याबाहेर निघून जातो, त्याला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. मांद्रेतल्या एखाद्या हॉटेलात पाहुण्याने १०० रुपये दिले असं समजा. बुकिंग ॲपचं कमिशन परराज्यात किंवा परदेशात गेलं. भाजी बेळगावहून आली, तिचे पैसे बेळगावला. फर्निचर, चादरी, एसी बाहेरचे. कामगार झारखंडचा असेल तर तो पगारातला मोठा वाटा घरी पाठवणार, आणि पाठवायलाच हवा. मालक दिल्लीचा असेल तर नफा दिल्लीला. मागे राहिलं काय? समजण्यापुरतं धरा, २० रुपये.

हे २० रुपये ज्यांना मिळाले ते त्यातले थोडे गावातच खर्च करतात: वाण्याकडे, गॅरेजवाल्याकडे, मुलांच्या शिकवणीला. त्यातलेही पुन्हा २० टक्केच तालुक्यात टिकले तर ४ रुपये, मग ८० पैसे. सगळी बेरीज २५ रुपयांवर थांबते. आता समजा दर फेरीला २० ऐवजी ५० टक्के टिकतात. मग ५०, २५, साडेबारा असं करत बेरीज १०० रुपयांपर्यंत पोहोचते. टिकण्याचं प्रमाण अडीचपट झालं, पण तालुक्याचं उत्पन्न चौपट झालं. पैसा हातातून हातात फिरून वाढण्याच्या या परिणामाला गुणक म्हणतात.

म्हणून ५०० कोटींचा प्रकल्प गावाला ५० कोटींच्या प्रकल्पापेक्षा कमी देऊन जाऊ शकतो. घोषणेत हे कधीच लिहिलेलं नसतं, कारण गुंतवणुकीचा आकडा करारावर सही होते त्याच दिवशी सांगता येतो आणि गळतीचा आकडा पाच वर्षांनी मोजावा लागतो. तेवढ्या वेळात एक निवडणूक होऊन गेलेली असते.

विमानतळ आहे, रस्ता आहे. मग उद्योग आपोआप येत नाहीत का?

नाहीत. काणकोणकडे बघा. २०१९ च्या अखेरीस तिथला बगलमार्ग सुरू झाला. तळपण आणि गालजीबाग नद्यांवर मोठे पूल झाले, घाटवळणांचा वेळ वाचला. त्याने कारवार जवळ आलं, मडगाव जवळ आलं. पण रस्ता झाला म्हणून कारखान्यांची रांग लागली नाही. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. मालाला यायला जितका सोपा, तितकाच तरुणांना वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जायला सोपा.

विमानतळाचा पहिला फायदा ज्यांना होतो ते दोन धंदे म्हणजे वाहतूक आणि जमीन. पेडण्यात नेमकं तेच झालं. टॅक्सी काउंटरवरून झालेला संघर्ष पुष्कळांना कटकटीचा वाटला. मला तो रास्त वाटतो. ज्यांच्या डोंगरावर धावपट्टी झाली, त्यांनी निदान गाडी चालवण्याचा हक्क मागितला, यात वावगं काही नाही. अडचण वेगळीच आहे. जमिनीचे पैसे आले की टॅक्सी घ्यायची, दुसऱ्यानेही टॅक्सीच घ्यायची, तिसऱ्यानेही. सगळ्यांचे हप्ते एकाच हंगामावर अवलंबून.

विमानाने माल पाठवायचा तर तो वजनाला हलका आणि किमतीला भारी किंवा लवकर नासणारा लागतो. औषधं, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, ताजी मासळी, फुलं. मोप्याला मालवाहतुकीची सोय आहे, पण असा माल तयार करणारा उद्योग दोन-तीन गोष्टी आधी तपासतो आणि विमानतळाचं अंतर मग बघतो. त्यात सगळ्यात अवघड आहे जमीन.

जमीन तर भरपूर दिसते, मग अडतं कुठे?

दिसते भरपूर. कागदावर मात्र ती एकाची नसते.

समजा पार्से गावातल्या एका मुलीला काजूच्या बिया भाजून, फोडून, पॅक करून विकायचा छोटा कारखाना घालायचा आहे. घराशेजारी वडिलोपार्जित भाट (बागायत) आहे, ३०० चौरस मीटरची शेड पुरेल. ती एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढते. कब्जेदाराच्या रकान्यात पणजोबांचं नाव, कारण १९७० च्या दशकातल्या सर्व्हेनंतर नावं बदललीच नाहीत. सोबत आणखी दोन चुलत घराण्यांची नावं. कुळाच्या रकान्यात एक नाव. ते कूळ वारलं, त्यांचे मुलगे मुंबईला. इतर हक्कांच्या रकान्यात कोणा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर.

गोव्यात वारशात मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. ही पद्धत पोर्तुगीज काळापासूनची, देशात ज्याचं कौतुक होतं तीच. पण तिचा एक परिणाम असा की तीन पिढ्यांत एका भाटाचे चाळीस वाटेकरी होतात आणि त्यांच्या प्रत्येकाच्या नवरा-बायकोची सहीसुद्धा लागते. वाटणी करायची तर इन्व्हेंटरीची प्रक्रिया करावी लागते. एखादा वाटेकरी लिस्बनला असला की ती वर्षानुवर्षे चालते. शिवाय कूळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा. दोन्ही न्यायाचे, पण त्यांतले दावे मामलेदारांपुढे तुंबलेले.

हे सगळं सुटलं तर पुढे झोन. भाट बहुधा ऑर्चर्ड (फळबाग) झोनमध्ये असतं. तिथे कारखाना घालायचा तर झोन बदलायला हवा, मग जमिनीचा वापर बदलण्याची सनद घ्यायची, मग बांधकामाचा परवाना. झोन बदलण्यासाठी २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. त्याखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. त्याआधी २०२४ मध्ये झोन बदलण्याचंच ३९(अ) हे कलम आलं, त्याविरुद्धही लोक न्यायालयात गेले. या कलमांविरुद्धचा राग मला पटतो, कारण त्यांचा फायदा काजूच्या शेडपेक्षा व्हिलांच्या वसाहतींनी जास्त घेतला असं लोकांना दिसलं. पण उद्योजकाच्या बाजूने बघा. आज कायदेशीर दिसणारी जमीन उद्या राहील का, हेच ठरत नसेल तर बँक कर्ज कशावर देणार?

आता किनाऱ्याची भर. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. १९९१ पासून हा नियम आहे, २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने आला. ढोबळ मानाने सांगायचं तर समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमाखाली येतो, आणि २०११ च्या नियमाप्रमाणे गावाकडच्या किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवं पक्कं बांधकाम करता येत नाही. भरतीचं पाणी चढतं त्या नदी-खाड्यांच्या काठालाही १०० मीटरपर्यंत बंधन. खाजनं, वाळूच्या टेकड्या आणि मोरजीसारखी कासवांची जागा तर अधिकच जपलेली. म्हणजे पेडण्याच्या नकाशावर तेरेखोल, शापोरा आणि समुद्र यांच्या काठचा बराच भाग उद्योगाच्या हिशोबातून वगळायलाच हवा. उरतात आतली पठारं.

आणि पठारांची किंमत वाढली आहे ती कारखान्यामुळे नाही, दुसऱ्या घरांमुळे. बाहेरचा माणूस सुट्टीच्या घरासाठी जो भाव देतो तो काजूची शेड किंवा सुतारकामाचा वर्कशॉप कधीच देऊ शकत नाही. पेडण्याची मोठी अडचण मला विचाराल तर हीच. उद्योगाला जमीन मिळत नाही याचं एक कारण असं की ती बंद ठेवलेल्या घरांना मिळते. वर्षातले अकरा महिने कुलूप असलेलं घर वाण्याला, गॅरेजला, शिकवणीला काही देत नाही.

म्हणून जगभर जे उपाय चालतात त्यातला साधा उपाय इथेही चालेल. सरकारी औद्योगिक वसाहतीत छोटे तयार गाळे बांधायचे आणि ते विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे. पेडण्यातल्या तुये इथे औद्योगिक वसाहत आहेच. इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या समूहासाठी तिथे जवळजवळ सहा लाख चौरस मीटर जागा ठरली, त्याची चर्चा किती वर्षं चालू आहे ते पेडणेकरांना सांगायला नको. पार्सेच्या त्या मुलीला सहा लाख मीटर नकोत. तीन फेज वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेला ३०० मीटरचा गाळा पाच वर्षांच्या भाडेकरारावर मिळाला तर तिला पणजोबांच्या चाळीस वारसांना शोधायची गरज उरत नाही. मात्र एक अट हवी. ठरलेल्या मुदतीत काम सुरू केलं नाही तर गाळा परत. नाहीतर वसाहतीतही प्लॉट घेऊन भाव वाढायची वाट बघत बसणारे येतात, त्यात नवीन काही नाही.

वीज आणि पाणी

गोवा स्वतः फारशी वीज तयार करत नाही. जवळजवळ सगळी बाहेरून, केंद्राच्या वाट्यातून येते. राज्यात वीज पुरेशी असली तरी पेडण्याच्या टोकाला ती धड पोहोचते का, हा वेगळा प्रश्न. घरात दिवे मिचकावले तर आपण सवयीने दुर्लक्ष करतो. भट्टीवर किंवा शीतगृहात तेच झालं तर त्या दिवसाचा माल गेला.

पाणी तिळारी आणि कळणा नदीच्या खोऱ्यातून. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प, त्याचा कालवा फुटला की पेडणे, डिचोली, बार्देशचे नळ गडबडतात. हे दर दोन-चार वर्षांनी होतं. त्याच कालव्याच्या ओलिताखालच्या जमिनीवर बांधकाम करायचे प्रस्ताव येतात तेव्हा लोक चिडतात, ते साहजिकच आहे: शेतीसाठी सार्वजनिक पैशाने पाणी आणायचं आणि मग तिथे शेतीच ठेवायची नाही.

सवलती दिल्या तर येतील की!

येतील, आणि संपल्या की जातील. गोव्याने हा धडा चांगली किंमत मोजून घेतला आहे. १९९१ मध्ये नव्या उद्योगांना वीजबिलात २५ टक्के सूट जाहीर झाली. पुढे ती मागे घेतली गेली, आणि कोणाला किती मिळायला हवी होती यावर खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर २००२ मध्ये सूट वसूल करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. उद्योजकालाही त्रास, तिजोरीलाही.

दुसरं असं की सवलतीच्या शर्यतीत आपल्यापेक्षा मोठी तिजोरी असलेला कोणीतरी असतोच. २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला करसवलतीचं पॅकेज दिलं आणि देशभरच्या औषध कंपन्या हिमाचलमधल्या बद्दीकडे वळल्या. गोव्यातला औषध उद्योग त्यातूनही टिकला, कारण इथे आधीपासून प्रशिक्षित माणसं, पुरवठादार, बंदर आणि सवयीचं काम होतं. याला एकत्र वसण्याचा फायदा म्हणतात: एका धंद्याचे दहा जण जवळ आले की अकराव्याला कामगार, दुरुस्तीवाला, ट्रान्सपोर्टवाला शोधावा लागत नाही. वेर्ण्याला तो फायदा आहे. तुयेला अजून नाही. तो विकत घेता येत नाही, पण छोटे गाळे लवकर भरले तर लवकर उभा राहतो.

गोव्यात गुंतवणुकीसाठी २०१४ पासून एक खिडकी पद्धतीचा कायदाही आहे. खिडकी एक असली तरी तिच्या मागची टेबलं तितकीच आहेत, अशी कुजबुज उद्योजकांत चालते. माझ्या मते सवलतीपेक्षा तारीख महत्त्वाची. वीजजोडणी अमुक दिवसांत, नाहीतर भाडं माफ, एवढी हमी दिली तर कित्येक जण सूट मागणारही नाहीत.

एकच मोठा कारखाना आणला की झालं!

एका खांबावर उभं राहिलं की काय होतं ते गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींनी दाखवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. ट्रक होते त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या कुटुंबांना हे सविस्तर सांगायची गरज नाही.

पेडण्यात हीच गोष्ट समुद्राच्या बाजूने घडली. मोरजीला रशियन पाट्या लागल्या, मेनू रशियन भाषेत छापले गेले, आणि २०१४ नंतर रुबल घसरला तशी चार्टर विमानं कमी झाली. २०२० मध्ये तर हंगामच गेला. पर्यटन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मेच्या अखेरीस किनाऱ्यावरचा शॅक, म्हणजे हंगामी हॉटेल, मोडायचा आणि ऑक्टोबरपर्यंत वाट बघायची, त्या चार महिन्यांत तालुक्यात दुसरं काही चालू असावं इतकंच.

मोठ्या कारखान्याचा आणखी एक धोका. तो आला नाही, तर त्याच्यासाठी राखलेली जागा वर्षानुवर्षे अडून राहते आणि छोट्यांनाही मिळत नाही.

पण गाववालेच विरोध करतात ना?

ही तक्रार पणजीत नेहमी ऐकू येते. गोव्यात प्रकल्प बंद पाडण्याची परंपरा आहे, हे खरं. फोंडा तालुक्यातल्या केरीचा नायलॉन ६,६ प्रकल्प, त्यात जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक गेला. २००७ च्या जानेवारीत ‘प्रादेशिक आराखडा २०११’ हा राज्याच्या जमीनवापराचा आराखडा मागे घ्यावा लागला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशेष आर्थिक क्षेत्रं रद्द केल्याची घोषणा झाली. आयआयटीचं उदाहरण तर विलक्षण. २०१६ मध्ये फर्मागुढीला तात्पुरत्या जागेत सुरू झालेल्या या संस्थेसाठी काणकोणात लोलये, मग सांगे, मग सत्तरीत शेळ-मेळावली, पुढे २०२५ मध्ये फोंड्याचं कोडार, अशी शोधाशोध झाली. प्रत्येक ठिकाणी विरोध. कारखानासुद्धा नव्हता तो, शिक्षणसंस्था होती.

यावरून गाव विकासाच्या आड येतो असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला क्रम उलटा दिसतो. बहुतेक ठिकाणी जागा आधी ठरली, नकाशा नंतर दिसला, ग्रामसभा त्याच्याही नंतर. शेळ-मेळावलीत लोक पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क कागदावर नव्हता. तेरेखोलला गोल्फ कोर्सच्या प्रस्तावात वर्षानुवर्षे वाद चालला तो कुळांच्या हक्कांचा. जमिनीचं भांडण आधी सोडवलं नाही तर ते प्रकल्पाचं भांडण होतं, आणि मग प्रकल्प कितीही चांगला असला तरी ऐकून कोण घेतो?

शिवाय गावाला जो प्रश्न विचारायचा असतो त्याचं उत्तर सादरीकरणात नसतं. पाणी किती लागणार, ते कुठून आणणार, सांडपाणी कुठे जाणार, कामगार राहणार कुठे, रात्री किती ट्रक जाणार. प्रदूषण मंडळ उद्योगांना पांढरा, हिरवा, नारिंगी, लाल अशा गटांत विभागतं. लाल म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी. २०१६ पासून आलेल्या पांढऱ्या गटाला तर संमतीही घ्यावी लागत नाही, कळवलं की पुरे. प्रस्तावित वसाहतीत फक्त पांढरे आणि हिरवे उद्योग येतील असं लेखी लिहून ग्रामसभेपुढे ठेवलं, तर अर्धा विरोध तिथेच मावळेल असं मला वाटतं. उरलेला अर्धा ऐकण्यासारखा असेल.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या असा कायदाच का करू नये?

मागणी रास्त, मार्ग कच्चा. हरयाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा केला; पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. भारतीय नागरिकाला देशात कुठेही काम करण्याचा हक्क आहे, त्याला राज्याचा कायदा आडवा येऊ शकत नाही. आणि हे लक्षात ठेवायला हवं की मुंबई, पुणे, आखातात जाऊन राबणाऱ्या गोवेकरांची संख्या काही कमी नाही.

करता येतं ते असं. सरकारी गाळा किंवा जमीन देताना करारात लिहायचं की उद्योग सुरू होण्याच्या वर्षभर आधी किती जणांना कोणतं काम शिकवणार. पेडण्याच्या आयटीआयमध्ये ते वर्ग त्याच यंत्रांवर घ्यायचे. नोकरीचा आकडा कायद्याने लादला की कंपनी सुरक्षारक्षक आणि माळी स्थानिक घेते आणि हिशेब पुरा करते. फिटर, लॅब टेक्निशियन, हिशेबनीस स्थानिक हवा असेल तर तो आधी तयार असायला हवा.

पगाराच्या नोकरीइतकाच महत्त्वाचा दुसरा दरवाजा खरेदीचा. विमानतळ, त्याभोवतीची हॉटेलं, धारगळची आयुर्वेद संस्था यांना रोज लागतं काय? धुलाई, नाश्ता, अंडी, नारळ, वाहनदुरुस्ती, गणवेश, फर्निचरची डागडुजी. यातलं किती तालुक्यातून जातं, हे मोजायला कोणी बसलेलं दिसत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि कंपन्यांना सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचं धोरण आहे. शिवाय अशा नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. हे २००६ च्या कायद्यात आहे. उद्यम नोंदणी नसेल तर यातलं काहीच मागता येत नाही, आणि ती फुकट आणि ऑनलाइन होते. चार महिने बिल अडकल्यामुळे बंद पडलेले कॅटरर प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी असेल.

मग नेमकं काय आणायचं?

आधी जे आहे त्यातलं कच्चं काय जातं ते बघावं. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती अजूनही बहुधा सुकवून, शेकड्याच्या भावाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाते. मानांकन म्हणजे नावाचं संरक्षण. त्याने आपोआप भाव येत नाही. त्यासाठी प्रतवारी, स्वच्छ वाळवण, बरणी, लेबल आणि हरमलच्या नावाने बाहेरची मिरची विकणाऱ्याला पकडणारं कोणी लागतं. काजूचंही तसंच. बी डोंगरावरून थेट व्यापाऱ्याकडे गेली तर बागायतदाराला बीचा भाव. गर काढून, पॅक करून गेली तर मधला पैसा तालुक्यात. फेणीला तर २००९ पासून मानांकन आहे, पण कोळंबीत (बोंडं तुडवायच्या खळग्यात) काजूची बोंडं मळून भाटी (दारू गाळायची भट्टी) लावणारा अजून बाटलीवाल्याला कॅनने विकतो.

याच्या जोडीला विमानतळामुळे शक्य झालेले धंदे: सुटे भाग जोडणं, वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती, मासळीवर प्रक्रिया करून थंड पेटीत पाठवणं, आणि पावसाळ्यातही चालणारी संगणकावरची कामं. यातला एकही धंदा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्याइतका मोठा नाही. दहा-पंधरा माणसांचे साठ उद्योग म्हणजे साधारण आठशे नोकऱ्या. त्यातले दहा बुडाले तरी पन्नास चालू राहतात.

शेजारी काय करतोय?

पत्रादेवीच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्ग. दोडामार्ग तालुक्यातल्या आडाळीला महाराष्ट्राची एमआयडीसी आहे, मोप्यापासून जवळच. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण आडाळीच्या उद्योजकाला सोयीचा मोपाच. जमीन तिकडे स्वस्त, विमान इकडे. म्हणजे विमानतळ गोव्याचा आणि कारखाने महाराष्ट्राचे, असं होणं अगदी शक्य आहे.

ते वाईटच असेल असंही नाही. आज बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची कितीतरी मुलं सकाळच्या बसने, दुचाकीने गोव्यात कामाला येतात. उद्या कोरगाव-मोप्याची मुलं आडाळीला जातील. गळतीच्या हिशोबात त्यांचा पगार तालुक्यातच परत येतो. फक्त तिथल्या कारखान्याला डबा, दुरुस्ती, पॅकिंगची खोकी कोण पुरवणार, हे अजून ठरलेलं नाही. दोडामार्गचे लोक ते आताच ठरवत असतील, आणि तुयेत गाळे बांधायचे असतील तर त्यांच्याआधी बांधून झाले पाहिजेत.